फ्रँकफर्टच्या लांब थांब्यात राइनगाऊची वाइन चाखायची असेल तर

अमेरिकेला जाणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हा प्रश्न दरवर्षी येतो: "फ्रँकफर्टला दहा-अकरा तास आहेत, तेवढ्यात र्‍यूडेसहाइमला जाऊन वाइन चाखून होईल ना?" होईल. राइनगाऊ म्हणजे ऱ्हाइन नदीकाठचा वाइनचा भाग, आणि र्‍यूडेसहाइम त्यातलंच एक गाव. पण परत आल्यावर बहुतेकांकडून ऐकायला मिळतं ते वेगळंच. व्हिनोटेक (वायनरीचं वाइन चाखायचं दुकान) बंद होतं, दुपारी उघडणाऱ्या ठिकाणी सकाळी पोचलो, उपाशीपोटी प्यायल्यामुळे डोकं धरलं, घेतलेल्या बाटल्या सिक्युरिटीत गेल्या. या सगळ्या चुका निघायच्या आधी टाळता येतात, म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे. यातल्या पहिल्या चार पायऱ्या घरी बसून करायच्या आहेत आणि खरं काम तिथेच होतं.

## 1. व्हिसा: "ट्रान्झिट" म्हणजे "बाहेर" नव्हे

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पाऊल टाकायला शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक प्रवेशक्षेत्राचा, सी प्रकारचा व्हिसा लागतो. एअरपोर्ट ट्रान्झिटची परवानगी किंवा सवलत फक्त आतल्या भागापुरती असते, तिच्यावर इमिग्रेशनच्या पलीकडे जाता येत नाही. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलं तरी जर्मनीत शिरायला त्याचा उपयोग नाही. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे कुटुंबात दोन प्रकारचे पासपोर्ट असतील तर आधी सगळे समोर मांडून बघा.

व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे तेही वाचा. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क प्रवासात बाहेर पडलात की एक प्रवेश संपला. परतीच्याही थांब्यात बाहेर पडायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री हवी. व्हिसाचं शुल्क 90 युरो आहे, शिवाय अर्जाचा खटाटोप. केवळ सहा तासांच्या वाइनसाठी एवढं करू नये असं माझं मत. जाता-येता दोन्ही वेळा मोठा थांबा असेल किंवा युरोपात आणखी कुठे जायचं असेल, तर मात्र जरूर करा.

तपासा: पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास मुंबईतच घ्या आणि बॅग थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत टॅग झाली आहे का हे पावतीवर डोळ्यांनी वाचा.

## 2. वेळ शेवटाकडून मोजा

सगळे उतरल्यापासून वेळ मोजतात, म्हणूनच गणित चुकतं. ते पुढच्या विमानापासून मागे करा.

समजा सकाळी 7 ला उतरलात आणि पुढचं विमान संध्याकाळी 6 ला आहे. शेंगेनबाहेर जायचं तर सिक्युरिटी आणि पासपोर्ट तपासणी दोन्ही पुन्हा होणार, म्हणून दुपारी 3 ला विमानतळावर परत. एल्टव्हिलसारख्या राइनगाऊतल्या गावातून परतायला गाडी बदलण्यासकट सव्वा ते दीड तास. त्यात एक गाडी चुकण्याची किंवा रद्द होण्याची जागा ठेवा. म्हणजे दुपारी 1 च्या सुमारास गाव सोडायचं. आता पुढून बघा: इमिग्रेशन, सामान ठेवणं, तोंड धुणं यात साडेआठ वाजतात आणि गावात पोचेपर्यंत दहा. अकरा तासांच्या थांब्यातून हातात आले तीन तास, आणि तेही सकाळचे.

हे "सकाळचे" महत्त्वाचं आहे, कारण राइनगाऊतल्या सगळ्यात सुंदर जागा दुपारनंतरच उघडतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

माझा ढोबळ हिशोब असा:

- सात तासांपेक्षा कमी: विमानतळातच थांबा.
- सात ते नऊ तास: माइन्त्स, हे राइनगाऊच्या अलीकडचं शहर.
- दहा ते बारा तास: एल्टव्हिल.
- त्याहून जास्त किंवा रात्रीचा मुक्काम: र्‍यूडेसहाइम, योहानिसबेर्ग किंवा एबरबाखचा मठ, यातलं एक.

एका थांब्यात एकच गाव करा आणि त्या गावात फार तर दोन जागा. र्‍यूडेसहाइमची दोरगाडी, बोटीतून फेरी, मठ आणि शिवाय टेस्टिंग, असा बेत आखणारे लोक दिवसभर वेळापत्रक चाखतात, वाइन नाही.

पुढचं विमान पॅरिस किंवा रोमला असेल तर थोडी सवड मिळते. शेंगेनचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होणार असतं आणि परतताना पासपोर्टची रांग नसते, त्यामुळे तीनऐवजी दोन तास पुरतात.

## 3. वार आणि महिना बघून जागा ठरवा

नाशिकच्या मोठ्या वायनरीत ठरावीक वेळेला टूर असते, तिकीट काढलं की कुणीतरी फिरवतं. तीच सवय मनात धरून राइनगाऊत गेलात तर दारावर कुलूप दिसेल. तिथे वाइन चाखायच्या जागा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत आणि तिघींच्या वेळा वेगळ्या.

व्हिनोटेक: वायनरीचं स्वतःचं दुकान-कम-काउंटर. काही सकाळी दहा-अकराला उघडतात. दिवसाच्या थांब्यासाठी हाच भरवशाचा पर्याय. एबरबाख मठाचं, योहानिसबेर्ग राजवाड्याचं अशी मोठी व्हिनोटेकं आहेतच, पण एल्टव्हिल, हाटेनहाइम, ओएस्ट्रिश-विंकेल या गावांत छोट्या कुटुंबांचीही आहेत.

वाइनप्रोबीअरश्टांड: नदीकाठची वाइनची टपरी. गावातले वाइनवाले आळीपाळीने ती चालवतात. उभ्याने किंवा बाकावर बसून, समोर ऱ्हाइन, मालवाहू बोटी संथ जाताहेत, हातात गार रीस्लिंगचा, म्हणजे इथल्या पांढऱ्या वाइनचा, ग्लास. एल्टव्हिलची टपरी जुन्या गढीजवळच आहे. पण हा उन्हाळी कारभार आहे. वसंतापासून शरदापर्यंतच, आणि कामाच्या दिवशी बहुधा दुपारनंतर.

श्ट्राउसविर्टशाफ्ट: वाइनवाल्याच्या अंगणातली हंगामी खानावळ. कायद्याने वर्षात चार महिने आणि जास्तीत जास्त 40 बसायच्या जागा एवढीच परवानगी, आणि वाइन फक्त स्वतःची. उघडी असली की दारावर फुलांचा किंवा पानांचा गुच्छ टांगतात. बहुतेक तीन-चार वाजता सुरू होते. रात्रीचा मुक्काम असेल तर ही सोडू नका. दिवसाच्या थांब्यात मात्र हिच्या मागे लागू नका.

वारांबद्दल: रविवारी नेहमीची दुकानं बंद असतात, पण वाइनच्या गावात व्हिनोटेक आणि टपऱ्या चालू असू शकतात. फसवतो तो सोमवार, आणि काही ठिकाणी मंगळवारही, कारण शनिवार-रविवार राबलेले लोक तेव्हा सुट्टी घेतात. फलकावर "रूहेटाग" दिसलं की त्या दिवशी बंद. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी असते (आपल्याकडे नाशिकला ती जानेवारी ते मार्च). तेव्हा छोट्या वाइनवाल्यांकडे बोलायलाही वेळ नसतो.

थांबा शनिवारी आणि वेळ कमी असेल तर माइन्त्स उत्तम. तिथे कॅथेड्रलजवळ मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो, आणि मार्च ते नोव्हेंबरच्या शनिवारी त्याच्या कडेला स्थानिक वाइनवाले ग्लास भरतात. गावकरी भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून सकाळीच पित उभे असतात. राइनगाऊ नदीपलीकडे राहिलं तरी इथे मिळणारी राइनहेसन भागाची वाइन कमी प्रतीची नाही.

## 4. आठ-दहा दिवस आधी ईमेल करा

वायनरीच्या साइटवर वेळेच्या जागी "नाख फेरआइनबारुंग" असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ "आधी ठरवून या". हे न कळल्यामुळे कित्येक जण नुसते जाऊन उभे राहतात. "वाइनप्रोब" म्हणून जी मोठी, माहितीसकट टेस्टिंग लिहिलेली असते ती बहुधा गटासाठी असते आणि किमान माणसांची अट असते. दोघांसाठी ती मागू नका.

इंग्रजीत चार ओळी पुरतात: तारीख, वेळ, किती माणसं, चार-पाच वाइन थोड्या-थोड्या चाखायच्या आहेत, आणि अमुक वाजताची गाडी पकडायची आहे. ही शेवटची ओळ जरूर लिहा. जर्मन माणूस तुमची वेळ तुमच्याहून नीट सांभाळतो.

सावधान: उत्तर आलं नाही तर "गेल्यावर बघू" म्हणू नका. दुसरी जागा शोधा.

## 5. उतरल्यावर

विमानात रात्री वाइन घेऊ नका. जीभ ताजी हवी आणि शरीरात पाणी हवं.

2025 च्या ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमेवर प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकी नोंद सुरू झाली आहे. फोटो, आणि पासपोर्टनुसार बोटांचे ठसेही, घेतले जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वेळ लागतो. अधिकाऱ्याने विचारलं तर सरळ सांगा: पुढचं विमान अमुक वाजता, मधल्या वेळात एल्टव्हिलला जाऊन येणार. बोर्डिंग पास आणि विम्याचा कागद हाताशी ठेवा.

केबिन बॅग ओढत दगडी गल्ल्यांत फिरू नका. टर्मिनल 1 मध्ये सामान ठेवायची सोय आहे, माइन्त्स आणि वीसबाडेनच्या मुख्य स्टेशनांवर लॉकरही आहेत. पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एक पातळ जाकीट एवढंच बरोबर घ्या. नदीकाठी उन्हातही वारा गार असतो.

युरोतली रोकडही इथेच काढा. छोट्या जागी "कार्ड चालेल" लिहिलं असलं तरी ते फक्त जर्मन बँकेचं कार्ड असू शकतं. माणशी 50 युरो खिशात असले की अडत नाही.

## 6. गाडी: कुठलं स्टेशन, कुठली दिशा

विमानतळाला दोन स्टेशनं आहेत. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, ते आपलं नव्हे. आपल्याला टर्मिनल 1 च्या खालचं रेगिओनालबानहोफ, म्हणजे स्थानिक गाड्यांचं स्टेशन, हवं. दुसऱ्या टर्मिनलवर उतरलात तर आधी टर्मिनल 1 ला या, आणि हा वेळ हिशोबात धरा.

तिथून एस 8 किंवा एस 9 ही लोकल, वीसबाडेनच्या दिशेने. झोपेच्या गुंगीत लोक हटकून उलट्या, फ्रँकफर्ट शहर आणि हानाऊच्या गाडीत बसतात. डब्यावरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. माइन्त्सला जायचं असेल तर एस 8 च, कारण एस 9 माइन्त्सच्या मुख्य स्टेशनात न जाता नदीपलीकडच्या कास्टेलवरून जाते.

वीसबाडेनला उतरून आरबी 10 पकडा. ही नदीच्या काठाकाठाने एल्टव्हिल, एर्बाख, हाटेनहाइम, ओएस्ट्रिश-विंकेल, गायझेनहाइम करत र्‍यूडेसहाइमला जाते. एल्टव्हिल वीसबाडेनपासून पाव तासावर आहे. जाताना डावीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. उजवीकडे द्राक्षमळे चढत गेलेले दिसतात. इथे ऱ्हाइन पश्चिमेकडे वळते, त्यामुळे तिच्या उत्तर काठाचे उतार दक्षिणेला तोंड करून दिवसभर ऊन खातात. रीस्लिंग इतक्या उत्तरेला पिकते याचं मोठं कारण हेच.

तिकीट आरएमव्हीच्या (इथल्या स्थानिक वाहतूक संस्थेच्या) यंत्रातून काढा. जाऊन-येऊन प्रवास असल्यामुळे दिवसाचं तिकीट बघा, आणि तीन-चार जण असाल तर गटाचं दिवसाचं तिकीट, ते पाच जणांपर्यंत चालतं.

तपासा: फोनच्या ॲपमध्ये "एसईव्ही" अशी अक्षरं दिसली तर रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस आहे. वेळ बराच वाढतो. अशा दिवशी राइनगाऊचा हट्ट सोडून माइन्त्सला उतरा.

आणखी एक: तिकिटावर आणि ॲपमध्ये "र्‍यूडेसहाइम (राइन)" असंच निवडा. याच नावाचं दुसरं गाव नाहे नदीच्या भागात आहे.

## 7. आधी खा

स्टेशनजवळच्या बेकरीत ब्रेत्सेल किंवा लोण्याचा पाव घ्या आणि पोटभर खा. रात्रभराचा प्रवास, रिकामं पोट आणि आंबट रीस्लिंग, एवढं एकत्र आलं की तिसऱ्या घोटाला पित्त उसळतं.

शाकाहारी मंडळींनी वाइनबरोबर श्पुंडेकेस मागावं. आपला चक्का साखरेऐवजी कांदा, मीठ आणि पाप्रिका घालून घुसळला तर जे होईल तसं काहीसं, आणि बरोबर छोटी ब्रेत्सेलं. कांद्याचा केक, म्हणजे त्स्वीबेलकूखन, दिसायला निरुपद्रवी असला तरी त्यात बहुधा डुकराचे तुकडे असतात. विचारून घ्या. पाणी फुकट मिळत नाही, आणि नुसतं "वॉटर" म्हटलं तर सोड्याचं येतं. साधं हवं तर "श्टिलेस वासर".

## 8. चाखायची पद्धत

आता ज्यासाठी एवढं आलो ते. अर्ध्या तासात आटपू नका, निदान तासभर द्या.

काय मागायचं. "चार रीस्लिंग, ट्रोकनपासून गोडापर्यंत, प्रत्येकी थोडी" एवढंच सांगा. ट्रोकन म्हणजे कोरडी, गोड नसलेली. चाखायचा घोट साधारण 50 मिलीचा असतो. पूर्ण ग्लास (0.1 किंवा 0.2 लिटर) लगेच मागू नका. 0.2 चे तीन ग्लास म्हणजे जवळजवळ एक बाटली होते.

लेबल कसं वाचायचं. सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे शब्द द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं ते सांगतात, वाइन किती गोड आहे ते नाही. श्पेटलेझे कोरडीही असते. गोडवा सांगणारे शब्द वेगळे: ट्रोकन म्हणजे कोरडी, लिटरला फार तर 9 ग्रॅम साखर. हाल्बट्रोकन 18 ग्रॅमपर्यंत. फाइनहेर्ब साधारण तिथलीच, पण या शब्दाला नियमाची मर्यादा नाही. लीब्लिश म्हणजे उघड गोड. लेबलावर यातलं काहीच नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. 8-9 टक्के असेल तर साखर पूर्ण आंबलेली नाही, म्हणजे वाइन गोड. 12 च्या पुढे असेल तर बहुधा कोरडी.

क्रम. कोरडी आधी, गोड शेवटी, आणि पांढरी आधी, तांबडी नंतर. गोड आउसलेझेनंतर ट्रोकन प्यायलात तर ती लिंबू पिळल्यासारखी लागेल आणि चांगल्या वाइनवर उगाच शिक्का बसेल.

घोट. ग्लास दांड्याला धरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. घोट घेतल्यावर लगेच गिळू नका, जिभेच्या कडांवर फिरवा. रीस्लिंगची खरी ओळख तिच्या आंबटपणात आहे: कैरीची फोड चावल्यावर गालांच्या आतून पाणी सुटतं ना, तसं. मग लक्ष द्या, ते पाणी सुटणं किती वेळ टिकतं. चांगल्या वाइनचं ते बराच वेळ टिकतं.

एल्टव्हिलच्या एका व्हिनोटेकमध्ये काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर दोन ग्लास ठेवले, दोन्ही एकाच मळ्याचे. एक मागच्या वर्षीचा, फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाचा, हिरव्या सफरचंदाचा वास. दुसरा दहा वर्षं जुना, पिवळाधमक, आणि नाकाजवळ नेताच रॉकेल. मला वाटलं बाटली बिघडली. त्या म्हणाल्या, "थांबा, मग प्या." प्यायल्यावर मध, वाळवलेला जर्दाळू आणि खाली तोच आंबटपणा, जराही न मावळलेला. जुन्या रीस्लिंगचा तो रॉकेलसारखा वास हा दोष नव्हे. बाटलीत मुरताना द्राक्षातल्याच घटकांपासून टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा तो वास. स्टोव्हच्या घरात वाढलेल्या आपल्या पिढीला तो चटकन ओळखू येतो, म्हणून आपणच आधी दचकतो. ग्लास परत करू नका.

तसंच बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला बारीक चमकते खडे दिसले तर ती काच किंवा साखर नव्हे. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, चिंचेत असतं तेच आम्ल. निरुपद्रवी आहेत.

थुंकण्याची लाज सोडा. काउंटरवर त्यासाठी भांडं असतं. तोंडात फिरवून त्यात सोडणं हा अपमान नाही, उलट तुम्ही मन लावून चाखताय असं समजतात. ग्लासातली उरलेलीही त्यातच ओता. समोर विमानप्रवास आहे. नशेत दिसणाऱ्या प्रवाशाला चढू न देण्याचा अधिकार विमान कंपनीला असतो. भाड्याच्या गाडीचा विचारही करू नका.

टपरीवर प्यायलात तर ग्लासाचं डिपॉझिट घेतात. ग्लास परत करून पैसे घ्यायला विसरू नका.

## 9. बाटली घ्यायच्या आधी हे वाचा

तुमची मोठी बॅग विमानतळाच्या पोटात आहे, तुमच्या हाती नाही. गावात घेतलेली 750 मिलीची बाटली केबिन बॅगेतून सिक्युरिटीपलीकडे जाणार नाही, 100 मिलीचा नियम धरूनच चाला. पहिल्या खेपेला मी हा विचारच केला नव्हता. दोन आउसलेझे कागदात गुंडाळून नेल्या आणि दोन्ही ट्रेजवळ ठेवून पुढे जावं लागलं. त्या वाइनवाल्याने बुचापर्यंत हात फिरवून पुसून दिलेल्या बाटल्या होत्या. अजून वाईट वाटतं.

मग करायचं काय? एक तर मुंबईहून निघताना आणखी एका चेक-इन बॅगेची मुभा शिल्लक ठेवा आणि बरोबर घडीची मजबूत बॅग आणा. परतल्यावर काउंटरवर ती चेक-इन करा. काउंटरची रांग धरून अर्धा तास जास्त ठेवा. नाहीतर आवडलेल्या वाइनच्या लेबलाचा फोटो काढा आणि सिक्युरिटीनंतरच्या ड्यूटी फ्री दुकानात राइनगाऊची बाटली बघा. ती सीलबंद पिशवीत मिळते. पावतीसकट पिशवी शेवटपर्यंत उघडायची नाही. पुढे अमेरिकेत देशांतर्गत विमान असेल तर तिथे बाटली चेक-इन बॅगेत टाका. भारतात परतताना माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

सावधान: शरदात फेडरवाइसर, म्हणजे अजून आंबत असलेली दुधट नवी वाइन, सगळीकडे मिळते. तिथेच प्या. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत गॅस तयार होत असतो. आडवी ठेवली की सांडते, घट्ट बंद केली की फुटू शकते.

## 10. परत निघताना

ठरवलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी बिल मागा. बिल टेबलावर बसूनच चुकतं करायची तिकडे रीत आहे, आणि गर्दीत वाढपी यायला वेळ लागतो.

स्टेशनवर पोचलात की फलक बघा. आरबी 10 रद्द असेल तर पुढच्या गाडीची वाट बघत बसण्याआधी पुन्हा शेवटाकडून वेळ मोजा. पुढची गाडी धरून विमानतळावर दोन तास आधी पोचत असाल तर थांबा. नसाल तर टॅक्सी. एल्टव्हिलहून विमानतळ साधारण 40 किलोमीटर आहे. गावात रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. म्हणून तिचा नंबर पहिला ग्लास भरायच्या आधीच व्हिनोटेकच्या काउंटरवर मागून फोनमध्ये घालून ठेवा.